डॉक्टरांच्या मोटारीचे उलटे वळलेले दिवे

मी, लेम्युएल स्ट्राउड, वय एकाहत्तर, आधी लोहार व नंतर मोटारदुरुस्तीवाला, राहणार हॅरोज गॅप, पेनसिल्व्हेनिया, हे कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. तक्रार गुडघ्यांची आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर, बँकेतली शिल्लक व कोंबड्या पत्नी हिल्डा हिला. स्वयंपाकघराचे दार घासते, ते मी यंदा नक्की तासणार होतो.

२. लेथ यंत्र पुतण्या वॉल्टर याला. ऐरण नाही. तिच्यावर त्याने अक्रोड फोडले आहेत. ती शाळेला द्यावी.

३. हे कलम हिल्डासमोर मोठ्याने वाचावे. स्टिअरिंगबरोबर वळणारे दिवे ही आमच्या दुकानाची खासियत. मोटार वळली की उजेडही वळे. डोंगरातल्या गिऱ्हाइकांना ते फार पसंत. ते बसवण्याचे काम माझा भागीदार, हिल्डाचा भाऊ नील्स हेडबर्ग याचे. १९२१च्या ऑक्टोबरात गावचे डॉक्टर असे दिवे बसवून घ्यायला घाईत आले. नील्स गावाला गेला होता, म्हणून दिवे मी बसवले. मोटारीकडे तोंड करून उभा होतो. माझे डावे ते तिचे उजवे, हे भान राहिले नाही आणि स्टिअरिंगपासून दिव्यांकडे जाणारी दांडी उलटी जोडली गेली. नील्स स्टिअरिंग फिरवून पाहिल्याशिवाय मोटार सोडत नसे. मी सोडली. संध्याकाळी घाटात रस्ता उजवीकडे वळला आणि उजेड डावीकडे. अपघातात डॉक्टरांचा पाय गेला.

गावाने विचारले तेव्हा मी म्हणालो, "दिवे नील्सच बसवतो." एरवी ते खरे होते, त्या दिवसापुरते धादांत खोटे. नील्सने दुकान सोडले. दहा वर्षे तो दुधाचे कॅन धुतो, आणि सख्खी बहीण त्याच्याशी बोलत नाही. चूक माझी होती. मला याची लाज वाटते. ~~दुकान नील्स याला द्यावे.~~

४. नंतर जोडलेले. वरचे कलम नील्सला बोलावून वाचायला दिले. त्याने ते हिल्डासमोर वाचले आणि साक्षीदार म्हणून सही करायला टाक मागितला.

वकील म्हणाले, "हेडबर्ग, तुम्हाला दुकान मिळतंय. ज्याला वाटा आहे त्याने साक्षीदार होऊ नये."

"मग दुकान खोडा."

"अरे, वेड लागलं का तुला?" मी म्हणालो.

"लेम, तू तोंड उघडू नकोस. उद्या लोक म्हणतील, म्हातारा भ्रमिष्ट झाला होता. ही कबुली देताना तू शुद्धीवर होतास हे मी लिहून देणार."

सबब दुकान हिल्डाला. तिने पुढे ते कोणाला द्यावे, हे सांगण्याचा अधिकार मला उरलेला नाही.

हॅरोज गॅप, ३ मार्च १९३२
सही: लेम्युएल स्ट्राउड

आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली:
१. एडगर पिल्सबरी, वकील
२. नील्स हेडबर्ग, मोटारीचे दिवे बसवणारा