शेपटी बदललेली फाईल

१३ मे २०१३, सोमवार

चौकोन! नुसते चौकोन! वर 'पी', 'के' अशी दोन इंग्रजी अक्षरं आणि खाली एकोणचाळीस पानं चौकोन, प्रश्नचिन्हं आणि मिशा फुटलेली अक्षरं. हा म्हणे विनंती बदलीचा फॉर्म!

संस्थेच्या नांदेडच्या मुख्य कार्यालयात लिपिकाची एक जागा रिकामी झाली आहे. मी तीन वर्षं इथे, किनवटपासून अठरा किलोमीटर आत, आश्रमशाळेच्या कार्यालयात. राहायला वसतिगृहाची कोपऱ्यातली खोली. नवरा श्रीनाथ आणि लेक मुग्धा नांदेडला. मुग्धाची दहावी जूनमध्ये सुरू होईल. ही जागा मला हवीच आहे. शेवटची तारीख पंधरा.

आणि फॉर्म पाठवलाय नवीन वर्डमध्ये. फाईलच्या नावाला शेवटी एक्स! आमचं मशीन २००४ सालचं, त्यातलं वर्ड २००३ चं. एक्सवाली फाईल त्याला उघडत नाही. हे मी गेल्या वर्षभरात चार पत्रांत कळवलं — 'कृपया जुन्या पद्धतीत सेव्ह करून पाठवावे.' चार!

पाठवणारे कोण, तर हेडक्लार्क आनंदराज गजभारे. हे मशीन त्यांनीच घेतलेलं! मी यायच्या आधी सहा वर्षं ते याच खुर्चीत होते. मशीन काय उघडतं आणि काय नाही हे त्यांच्यापेक्षा कुणाला जास्त माहीत?

१४ मे, मंगळवार

सकाळपासून फोन. अकराव्यांदा लागला. म्हटलं, साहेब, फाईल उघडत नाही, जुन्यात करून पाठवा.

"उघडत न्हाई तर नवीन मशीन घ्या मॅडम!" मागून कुणीतरी हसलं. संस्थेच्या सचिवसाहेबांचा आवाज असावा.

म्हटलं, मग फॉर्ममध्ये काय काय लिहायचं ते तरी सांगा, मी हाताने लिहून फॅक्स करते.

"फोनवर काय सांगू? समदं फाईलीत लिहिलंय. उघडा अन् बगा." ठेवला!

'उघडा अन् बघा' म्हणे! दातओठ खाऊन बसले. श्रीनाथला फोन केला, फाईल तुला पाठवते, तू कुठेतरी उघड. तो भाच्याच्या लग्नाला उदगीरला. मुग्धाही तिकडेच. मागे बँड वाजत होता. "काय? कुठली फाईल? अगं अक्षता पडायच्यात इथं!" तोही बंद.

१५ मे, बुधवार

सकाळी दुसरा मेल आला. यावेळी फाईलच्या नावाला एक्स नाही! निळं चित्रही आलं, आपल्या जुन्या वर्डचं. माझा जीव भांड्यात पडला. शिपाई मारोतीला म्हटलं, चहा ठेव.

उघडली. चौकोन! तेच 'पी', तेच 'के', तेच चौकोन. काहीही बदललेलं नाही — फक्त नावाची शेपटी कापून दुसरी लावलेली. बैल शिंगं रंगवून म्हैस म्हणून विकावा तशी. ही चूक नव्हे. ही थट्टा आहे.

फाईल पेनड्राइव्हवर घेतली, काळीपिवळीत बसले, किनवट गाठलं. सायबर कॅफेला कुलूप नव्हतं, पण लाईट नव्हती. भारनियमन. "सहाला येतील मॅडम." मुख्य कार्यालय साडेपाचला बंद होतं. कॅफेच्या लाकडी बाकावर पाच चाळीसपर्यंत बसून राहिले. मग उठले.

परत आले. पेनड्राइव्ह टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये टाकला. तारीख गेल्यावर फाईल उघडून काय तिची पूजा करू?

२० मे, सोमवार

जागा सचिवसाहेबांच्या सुनेला मिळाली. अपूर्वा. तिला टायपिंग येत नाही.

आता कळलं, शेपटी का बदलली ते.

मी विसरत नाही. हा आईकडचा गुण आहे. तिने मामाशी एका पितळी घंगाळापायी सतरा वर्षं अबोला धरला होता.

१७ जून, सोमवार

मुग्धाची दहावी सुरू. रात्री फोन. "आई, बाबांनी आज पण खिचडी केली." मग म्हणे, "तू येणार होतीस ना गं?"

शनिवारी येते म्हटलं. आज सोमवार.

फोन ठेवला आणि भिंतीकडे बघत मोठ्याने म्हटलं — गजभारे, हे तुमच्या नावावर लिहून ठेवते.

१२ जुलै, शुक्रवार

देव आहे! आहे, आहे, आहे!

गजभारेंचा फोन. आवाज मऊ, साय आल्यासारखा. एकतीस ऑक्टोबरला निवृत्त होताहेत. पेन्शनची फाईल अडली आहे. त्यांनी या शाळेत काढलेल्या सहा वर्षांची नोकरी सेवापुस्तकात पडताळलेली नाही, आणि त्या काळातलं हजेरीपत्रक नि पगारपत्रकं मागच्या खोलीत वाळवीने खाल्ली. कागद म्हणून काही उरलंच नाही. उरलंय ते फक्त आमच्या मशीनमध्ये, त्यांनी स्वतः बसून टाईप केलेलं.

"मॅडम, माझी सहा वर्षं तुमच्या त्या डब्यात हायत बगा. त्येवडी पाठवा."

पाठवते की साहेब! का नाही पाठवणार!

त्यांचा हात आता माझ्या दगडाखाली आहे. दगड उचलायची मला अजिबात घाई नाही.

१५ जुलै, सोमवार

पाठवली. जशी आहे तशी! त्या वेळी इथे सगळं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप व्हायचं. तो फॉन्ट ज्या मशीनवर नाही तिथे मराठीची इंग्रजी भेळ होते. मुख्य कार्यालयातल्या चकचकीत नव्या मशीनवर तो नाही. मला ठाऊक होतं. म्हणून तर पाठवली.

दुपारी फोन. "मॅडम, हे काय आलंय? वाचता येईना."

तीन वर्षांत एवढा गोड आवाज काढला नसेल मी. म्हटलं, "साहेब, जुनं मशीन घ्या!"

 मग "हाव" म्हणाले आणि ठेवला.

चहा दोनदा घेतला आज.

१८ जुलै, गुरुवार

"फॉन्ट तरी पाठवा." पाठवला! वसतिगृहाच्या जेवणाचा आठवड्याचा तक्ता घेतला, नावाची शेपटी बदलली, फॉन्टची लावली. सोमवार उसळ, मंगळवार पिठलं. बसा उघडत.

जशास तसं. शिकले कुणाकडून?

१ ऑगस्ट, गुरुवार

प्रिंट काढून पाठवा म्हणाले. प्रिंटरची रिबन संपली आहे, साहेब.

(रिबन संपलेली नाही. कपाटात दोन आहेत.)

८ ऑगस्ट, गुरुवार

उद्या स्वतः येताहेत. फोनवर सांगितलं, सकाळच्या गाडीने निघतो. मी 'या' म्हटलं आणि लगेच उद्याची किरकोळ रजा टाकली. मशीनचा पासवर्डही बदलला. नवा पासवर्ड: मुग्धा२०१४.

१० ऑगस्ट, शनिवार

मारोतीने सगळं सांगितलं. शिपाई असला तरी डोळे फोटोग्राफरचे. साहेब अकराला पोचले. पावसात भिजलेले. व्हरांड्यातल्या बाकावर तीन तास बसले. मग आत येऊन मशीनसमोर उभे राहिले, रुमालाने त्याचा पडदा पुसला. कळफलकावर बोट फिरवून म्हणाले, "हा 'क' अजून अडकतो का रे?"

अडकतो. मी सांगणार नव्हते, पण अडकतो.

जाताना मारोतीला विचारलं म्हणे, "मॅडमला नांदेडला यायचंच नव्हतं का रे?"

ऐका! जखमेवर मीठ चोळायला एवढ्या लांबून आले! मला यायचं नव्हतं! मला!

अर्धापूरच्या केळ्यांची एक फणी ठेवून गेलेत टेबलावर. मारोती म्हणाला, "म्हातारं चांगलं हाय वो मॅडम. द्या की काढून एकदाचं."

म्हटलं, तुला केळी हवीत तर घेऊन जा. शिकवू नको.

घेऊन गेला. एक ठेवलं होतं माझ्यासाठी. ते मी खिडकीबाहेर माकडांना टाकलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. भाषणात मुख्याध्यापक महादेवप्पा सरांनी जाहीर केलं — शाळेला नवा संगणक मंजूर! पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. चार पत्रं लिहिली तेव्हा कुठे होतं हे?

मुग्धाची चाचणी झाली. गणितात वीसपैकी आठ. श्रीनाथ म्हणतो, मी शिकवतो तर ती ऐकत नाही. मागच्या वर्षीपर्यंत शनिवार-रविवारी मी घ्यायचे, पुरायचं. यंदा पुरत नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

नवं मशीन आलं. पडदा पाटाएवढा. सर म्हणाले, "जुनं निर्लेखित करून भंगारात टाका लताबाई. आतलं कामाचं तेवढं काढून घ्या."

दिवसभर काढत बसले. विद्यार्थ्यांचे दाखले — घेतले. शिष्यवृत्ती — घेतली. पगारपत्रकं — २०१० पासूनची, माझी, घेतली. मग एक फोल्डर आला: 'गजभारे २००४ ते २०१०'. बहात्तर फाईली. महिन्याला एक. एकही महिना चुकलेला नाही.

त्यावर बाण नेऊन बराच वेळ बसले होते. खरं लिहायचं तर हात थांबला होता. मग आठ आठवले. वीसपैकी आठ. किनवटचा तो बाक आठवला. 'नवीन मशीन घ्या मॅडम' आठवलं.

नाही घेतला.

निर्लेखनाच्या यादीवर शेवटी छापलेलंच असतं: 'सदर संगणकात उपयुक्त माहिती शिल्लक नाही.' त्याखाली सही केली. झोकात केली.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

भंगारवाला जुनं मशीन घेऊन गेला. मॉनिटर, डबा, कळफलक, सगळं एका पोत्यात. टेम्पोवर आधीच फुटके पंखे आणि कुणाची तरी सायकल. मारोती म्हणाला, डबा तिथेच हातोडीने फोडला, आतली पितळ-तांबं निराळी करायला.

दगड उचलायचा प्रश्नच मिटला.

७ ऑक्टोबर, सोमवार

मुख्य कार्यालयाचं रीतसर पत्र आलं. श्री. आ. ग. गजभारे यांचे सेवा अभिलेख तातडीने सादर करावेत. लगेच उत्तर टाईप केलं, नव्या मशीनवर, नव्या वर्डमध्ये: 'कार्यालयात शोध घेतला असता अभिलेख आढळून आले नाहीत.' नावाला एक्स. कुठेही शेपटी न बदलता!

सरांनी न वाचता सही केली.

वाटलं होतं, आज फार बरं वाटेल. बरं वाटलं. थोडं कमी वाटलं एवढंच. अकरा वाजेपर्यंत टिकलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

दसरा. नांदेडला आहे. मुग्धाने आपट्याची पानं दिली, पाया पडली आणि म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी बोर्डाचा निकाल लागला की मग आलीस तरी चालेल." चिडून नाही बोलली. सहज बोलली. तेच लागलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

नव्या मशीनसाठी खालचा ड्रॉवर रिकामा केला. मे महिन्यातला पेनड्राइव्ह सापडला. पुसून शाळेच्या कामाला घ्यावा म्हणून नव्या मशीनला लावला. शेपटी बदललेली फाईल तशीच होती. दोनदा टिचकी मारली.

उघडली. चौकोन नाहीत. दोन पानं.

पहिल्यावर फॉर्म, पूर्ण भरलेला. माझं नाव, माझी रुजू तारीख, सगळं सेवापुस्तकावरून उतरवलेलं. कारण: 'मुलगी इ. १० वी.' पसंती: नांदेड मुख्य कार्यालय.

दुसऱ्यावर चार ओळी. 'लता मॅडम, जागेवर सचिवांचा डोळा आहे, हे फोनवर बोलता येत नाही. म्हणून फॉर्म मीच भरला आहे. फक्त सही करून फॅक्स करा, पंधरापर्यंत अडवून धरतो. जुन्या वर्डसाठी काय करतात मला येत नाही, कुणाला विचारलं तर बातमी फुटेल, म्हणून नावातला एक्स काढून पाठवतो, उघडेल बहुतेक. मी तिथे होतो तेव्हा माझीही मुलगी दहावीला होती.'

त्यांच्या निवृत्तीला सोळा दिवस आहेत. मारोतीला विचारलं, भंगारवाला कुठला? "नाव न्हाई विचारलं मॅडम. आदिलाबादकडं गेला टेम्पो."

फॉर्मवर सहीची जागा रिकामी आहे. माझी सही भंगाराच्या यादीवर आहे.