समुद्र उजवीकडे

पनवेल,
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

लाडक्या नाझियाला दादीची खूप खूप दुवा.

मस्कतच्या उन्हात डोकं शिजलं का गं तुझं? मला प्रदर्शनाची जाडजूड पुस्तिका पाठवलीस! दादी अंगठेबहाद्दर आहे, हे दोन वर्षांत विसरलीस? पुस्तिकेने मी डाळीचा डबा झाकलाय. हे पत्र शेजारची मनिषा लिहितेय. फोनवर बोलायला लागले की तुझा बाप दाराआड उभा राहून ऐकतो, आणि विचारलं की म्हणतो, "मी कुठे?"

गुडघे दुखतात, म्हणजे तब्येत नेहमीसारखी.

तुमचं जुन्या नकाशांचं प्रदर्शन इथे शाळेच्या हॉलमध्ये लागलं. खुर्च्या तुझ्या बापाच्या, इलियासच्याच मंडपाच्या दुकानातून गेल्या. ठरलेलं लग्न मोडून तू नोकरीला गेलीस, तेव्हापासून त्याने तुझं नाव घेतलेलं नाही. पण त्या दिवशी हाताखाली माणसं असताना स्वतः टेम्पोत बसला. मग मीही चढले.

तुझा तो कापडी नकाशा बघितला. अक्षर एक नाही, किनारा नुसता जाड दोऱ्याने उठवलेला. कुणासाठी केलास ते कळलं मला. बोटाने वाचत होते, एवढ्यात इलियास ओरडला, "अम्मी, गाढवांनी उलटा टांगलाय! केरळ वर, गुजरात खाली, समुद्र उजवीकडे! लोक माझ्या पोरीला हसतील."

माझ्या पोरीला, म्हणाला.

मी स्टूल धरलं. त्याने नकाशा फिरवून परत ठोकला. मग प्रदर्शनाचं काम बघणारी तुमची मनस्वी आली. म्हणाली, "काका, जुने अरब नकाशे काढायचे तेव्हा दक्षिण वर ठेवायचे. लोकांनी थांबून विचारावं म्हणून नाझियाने मुद्दाम तसाच ठेवलाय." तुझ्या बापाचं तोंड बघायला हवं होतंस! पुन्हा स्टुलावर चढला. पुन्हा मीच धरलं.

आता रोज दुपारी दुकान सोडून तिथे उभा असतो. पोरांना सांगतो, जुने खलाशी दोरीला शिशाचा गोळा बांधून, त्याला चरबी फासून पाण्यात सोडायचे. खोली कळायची, आणि चरबीला चिकटलेल्या गाळावरून खाली वाळू आहे की चिखल तेही कळायचं. असा तुकड्यातुकड्याने किनारा कागदावर आला. सांगताना असा हात हलवतो, जणू गोळा यानेच सोडला होता.

काल एका मुलीने विचारलं, "हा उलटा का?"

"उलटा नाही गं. त्यांनी दुसऱ्या बाजूने बघितलं. त्यात त्यांचं काय चुकलं?"

मुलगी केव्हाच पुढे गेली होती. तरी हा नकाशाकडे बघत तेच परत म्हणाला.

फोन तो करणार नाही. तूही करणार नाहीस, त्याचीच पोर तू.

रमजान तोंडावर आलाय. खजूर पाठव, दोन डबे. माझ्या डब्यावर काही लिहू नकोस. दुसऱ्यावर तुझ्या हाताने 'अब्बांसाठी' एवढंच लिही. मला वाचता येत नाही. त्याला येतं.

अजून स्टूल धरून उभी असलेली,
तुझी दादी शहाबानो