उजव्या कानातलं तेल

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्यावरचा माझा राग काही शिळा होत नाही.

तुझी नात, जी तू पाहिलीच नाहीस, तिला घेऊन आम्ही जर्मनीत आलो. इथे शाळेत घालण्याआधी पोरांची तपासणी होते. कानावर हेडफोन लावून बाईंनी तिला सांगितलं, आवाज आला की हात वर कर. डाव्या कानाला पोरगी भराभर हात वर करत होती, उजव्याला नुसती माझ्याकडे बघत बसली. पुढे कानाच्या डॉक्टरची तारीख मिळायला दोन महिने गेले. आपल्या पेणला सकाळी नंबर लावला की दुपारी औषध हातात, म्हणून मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये फोनवर भांडलेसुद्धा. शाळेच्या बाई मात्र तारखेसाठी थांबल्या नाहीत. त्यांनी तिला लगेच पुढच्या बाकावर, डावा कान आपल्याकडे येईल अशी बसवली.

मला माझा शेवटचा बाक आठवला. पाढा चुकला की गुरुजी विचारत, "बहिरी हायस काय गो?" आणि त्याच उजव्या कानाखाली वाजवत. उजव्या कानाने नीट ऐकू येत नाही, असं घरी येऊन सांगितलं, तेव्हा तू नुकतीच मिठागरावरून आलेली, पाय मिठाने फुटलेले. म्हणालीस, "बहिरी बिहिरी काय नाय. अभ्यास नको म्हणून नाटकं करते." कान ठणकायला लागला तेव्हा रोह्याला नेलंस ते मावशीकडे. वाटेत दवाखान्याची पाटी मी तुला वाचून दाखवली होती. मावशी लसूण घालून कढवलेलं खोबरेल कानात सोडते आहे, तू माझं डोकं मांडीवर दाबून धरलं आहेस. "निवलंय गो, जरा दम काढ." निवलं नव्हतं. नंतर तुम्ही दोघींनी गावभर सांगितलं, ठणका गेला. ठणका गेला, त्या कानाने ऐकू येणंही गेलं.

शेवटी डॉक्टर भेटली. तिने विचारलं, घरात आणखी कुणाला? मी म्हटलं, मला, पण माझं तेलामुळे. "आणि तुमच्या आईला?" तेव्हा तू डोळ्यांसमोर आलीस. बाजारात मान वळवून डावी बाजू पुढे करणारी. मुकादमाने उजवीकडून हाक मारली की तशीच चालत राहणारी आणि त्याच्या शिव्या खाणारी. म्हणजे तुलाही ऐकू येत नव्हतं, आई. मग जगात कुणाला नाही तरी तुला तरी माझं खरं वाटायला हवं होतं.

तुझ्या नातीला कानाचं मशीन मिळालं. आता उजवीकडून हाक मारली तरी वळते. डॉक्टर म्हणते, तुमचाही कान तपासू, हे रक्तातून आलंय का ते कळेल. मी तारीख दोनदा पुढे ढकलली आहे. तेलाने काही झालंच नव्हतं, असं निघालं तर? मला अजून तुझ्यावर रागवायचं आहे.