मुक्कामाची ड्युटी

२ जून, सकाळी ११
पोचलो एकदाचा. विमानात डोळ्याला डोळा नाही, पाठीचा पार भुगा. ढब्ब्या घ्यायला आला होता. शाळेत होता तसा ढब्बू राहिला नाही, काटकुळा झालाय. नाव मात्र तेच चालू. वहिनी हॉस्पिटलात नर्स. लेक पंधरा वर्षांची, सारखी काका-काका करते. मला खालची खोली, खिडकीबाहेर झाड. ढब्ब्या म्हणाला, एकतीस वर्षं एसटीच्या डेपोत कंट्रोलर म्हणून राबलास, आता महिनाभर नुसता लोळ.
संकल्प: माझा कुणालाही त्रास होता कामा नये. घरात पाहुणा आहे हे कळतासुद्धा कामा नये.

३ जून, पहाटे ५
आवाज न करता चहा करायला गेलो. शेगडी काचेची, सपाट. कुठलं बटण दाबलं देव जाणे, ती शिट्ट्या मारायला लागली. तिघंही धावत खाली. वहिनी उशिराच्या पाळीवरून येऊन नुकत्याच पडल्या होत्या म्हणे. चहा शेवटी त्यांनीच केला. साखर वेगळी द्यायला सांगितली, उगाच मधुमेह नको. मी शब्द दिला की शेगडीला पुन्हा हात लावणार नाही, पाचचा चहा तुम्हीच देत चला. वहिनींनी घड्याळाकडे बघून मान हलवली. गुणी बाई.

५ जून
एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. आज चौथा. पण ही म्हण परक्यांसाठी असते.

७ जून
फ्रीजवर घरकामाचा तक्ता लावलाय. पण काय तो अवतार! नावं वर, खाली कामं कशीही कोंबलेली, खाडाखोड, बाण. माझ्यातला कंट्रोलर गप्प बसेना. तीन तास घालवून पट्टीने आखून नवा केला. डावीकडे काम, मधे वेळ, उजवीकडे माणूस. काम कायम, माणूस बदलता. डेपोत ऐंशी गाड्या याच पद्धतीवर सुटत होत्या. तिघांना समोर बसवून तासभर समजावलं. लेकीच्या लगेच डोक्यात बसलं.
माझं नाव तक्त्यात नाही. आपण होऊन कसं घालणार? ते घरच्यांनी घालायचं असतं. भांडी मी घासतो म्हणालो होतो, वहिनींनी हातातून बशी काढून घेतली. परवा ज्या दोन फुटल्या त्या तशाही जुन्याच होत्या.

१२ जून
दिवसभर लोळण्याचाही थकवा येतो. पण संध्याकाळ छान. जेवणं लवकर, इकडे परदेशात उन्हाळ्यात रात्रीही बाहेर लख्ख ऊन, आणि आठ ते साडेनऊ मी आणि ढब्ब्या. मी बोलतो, तो ऐकतो. आज मुक्कामाच्या गाडीचं सांगितलं. घाटापलीकडच्या गावची गाडी, रात्री तिथंच राहायचं. ती ड्युटी कुणालाच नको. लागली रे लागली की एकाची सासू आजारी, दुसऱ्याची कंबर धरलेली. साहेब, साध्या दोन फेऱ्या जास्त द्या, पण ही एक बदला, म्हणून पाया पडायचे. ढब्ब्या डोळे मिटून ऐकत होता. इतकं मन लावून ऐकणारा माणूस शोधून सापडणार नाही. ही गेल्यापासून दोन वर्षं घरात बोललोच नव्हतो म्हटलं तरी चालेल. भिंतींना किती सांगणार?

१५ जून
तीन-चार दिवसांपूर्वी एकटाच फिरायला गेलो होतो. सगळी घरं एकाच छापाची. आपल्या बागेतल्या खुर्चीत निवांत बसलो होतो, तर ती बाग दुसऱ्याचीच निघाली. बाग म्हाताऱ्या बाईंची, त्या घाबरल्या. लेक अभ्यास टाकून न्यायला आली. तेव्हापासून रोज संध्याकाळी माझ्याबरोबर येते. मुलीला माझा लळाच लागलाय.

१९ जून
तिकीट तीसचं आहे. ऑगस्टअखेरपर्यंत पुढे ढकलता येतं, चौकशी करून ठेवलीय. खरं तर त्यांनीच विचारायला हवं. संकोचत असतील.
खरं लिहायचं तर मला जायचं नाही. घराला कुलूप आहे, कुलपाला माझी कसली घाई?
शिवाय या लोकांची प्रकृती ठीक दिसत नाही. वहिनींच्या डोळ्यांखाली काळं आलंय. लेक जेवताना पेंगते. ढब्ब्याला आठ वाजले की जांभया. अशा वेळी घरात एक वडीलधारं माणूस पाहिजे.

२४ जून, दुपारी ३
घरात कुणी नाही. पायमोज्याची जोडी शोधत धुण्याच्या मशीनशेजारचं कपाट उघडलं. आत्तापर्यंत उघडायची वेळच आली नव्हती. दाराच्या आतल्या बाजूला दुसरा तक्ता! पट्टीने आखलेला, थेट माझ्या पद्धतीचा, अक्षर वहिनींचं. चष्मा खोलीत राहिलेला, त्यामुळे बारीक अक्षर लागेना. पण एक शब्द ठळक दिसला. काका. एकदा नव्हे, चारदा.
घातलं माझं नाव! न बोलता घातलं. डोळे भरून आले. उद्या सकाळी चष्मा लावून बघतो कुठल्या ड्युट्या लागल्यात. मग ऑगस्टचं बोलून टाकतो.

२५ जून, सकाळी १०
तिघंही बाहेर पडल्यावर चष्मा लावून गेलो.
काका डावीकडच्या रकान्यात आहेत.
काकांचा चहा, साखर वेगळी. पहाटे ५. वहिनी.
काकांच्या मागे दिवे, नळ, शेगडी बघणे. दिवसभर. जो घरात असेल तो.
काकांना फिरवून आणणे. सायं. ६. लेक.
काकांचं ऐकणे. ८ ते ९.३०. ढब्ब्या.
खाली लेकीच्या अक्षरात बदलीची नोंद: शनिवारचं ऐकणे लेकीकडे, त्याच्या बदल्यात बाबांकडे तिची दोन वेळची भांडी. दोघांच्या सह्या.
साध्या दोन फेऱ्या घेऊन एक बदलली. नियमात बसतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. राग आणावा म्हटलं, आला नाही. रकाने सरळ आखलेत.

२५ जून, दुपारी ४
पेन्सिल घेऊन ऐकण्याच्या ओळीवर आडवी रेघ मारली. शेरा लिहिला: फेरी रद्द. खाली सही, सवयीने. कुणी बघणार नाही म्हणा. घरच्या माणसांना शिस्त कुठली! ढब्ब्या नेहमीप्रमाणे येऊन बसेलच. मग ऑगस्टचं काढीन हळूच.

२५ जून, रात्री ८
खुर्ची पुढे ओढून ठेवलीय.

८.२०
आला नाही.

८.४५
वरच्या खोलीतून तिघांच्या हसण्याचा आवाज. आल्यापासून पहिल्यांदाच ऐकला. चांगले हसतात तिघंही.
तक्ता वाचतात म्हणायचं. तिकीट तीसचंच ठेवतो.