पितृपक्षातले कूपन

जळगाव, मंगळवार, २४ सप्टेंबर १९९१

काल चुकीचे लिहिले. टाइपरायटरवरची सवलत दसऱ्यापर्यंत नाही; कूपनवर सर्वपित्री अमावास्येपर्यंत असे छापले आहे. पितृपक्षात कोणी नवी वस्तू घेत नाही, नेमकी तेव्हाच सवलत? दुकानदार हसत म्हणाला, "मग दसऱ्याला या ताई, पूर्ण भावात." असा संताप आला.

आई म्हणते, पितर कोपतील. भाऊ म्हणतो, "घे, पितरांचेच अर्ज टाइप कर." यांना थट्टा सुचते. कूपनाशिवाय मशीन परवडणार नाही, आणि मशीनशिवाय घरी कामे कशी घेऊ?

पण पितर म्हणजे कोण? आमचे आबाच ना? शाळेआधी मांडीवर बसवून अक्षरे त्यांनीच शिकवली. ते कोपतील, माझ्यावर? त्यांचे पान वाढून झाले की कूपन घेऊन निघणार. शुक्रवारी, त्यांच्या तिथीलाच.