चार काडतुसं

प्रिय डेल,

नेमबाजी क्लबचं कार्ड मंगळवारी मिळालं. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी ‘एमेट स्मृती सामना’, आणि जो चार काडतुसं सगळ्यांत झटपट बंदुकीत भरेल त्याला एमेटच्या नावाची ढाल. वर त्याचा फोटो: बंदूक उलटी करून खांद्यावर टाकलेली, डाव्या मुठीत चार लाल काडतुसं, नजर खाली हातावर. कार्ड मी फ्रीजवर लावलं नाही. ब्रेडच्या डब्याखाली ठेवलंय, आणि गेले चार दिवस त्या डब्याजवळून जाताना माझं डोकं तापतंय. ढाल मी माझ्या हातानं द्यावी अशी तुझी इच्छा आहे म्हणे. तुझ्या बायकोनं फोनवर सांगितलं, “वेर्ना, तुला तेवढंच बरं वाटेल.” मला काय बरं वाटेल हे मला कुणीतरी एकदा विचारायला हवं होतं.

तुला आठवतं का, एमेट शेरीफच्या पोलिसांत नवा डेप्युटी झाला तेव्हा त्याला म्हातारा हॅस्केल शिकवायचा? तो आमच्याकडे जेवायला आला की मी भाजलेल्या मऊ बिस्किटांवर ग्रेव्ही ओतता ओतता सुद्धा तेच सांगायचा. “पोरा, बंदुकीला उपाशी ठेवू नकोस. एक झाडलीस की एक घाल. बंदूक खांद्यावर, डोळे समोर, हात आपोआप कडेला गेला पाहिजे.” म्हणून त्यानं एमेटच्या बंदुकीच्या कडेला सहा काडतुसांचा पट्टा बसवून दिला होता. एमेट टीव्ही बघत बघत खोटी काडतुसं भरायचा, एकेक, हाताकडे न बघता. मी त्याच्या डोळ्यांवर माझी ओढणी बांधायचे आणि तो तरीही भरायचा. मला ते स्वेटर विणण्यासारखं वाटायचं.

मग तुम्हा दोघांना सामन्यांचं वेड लागलं. तिथली तऱ्हाच वेगळी. तिथे बंदूक रिकामी होईपर्यंत झाडायची, मग उलटी करायची, छातीवरच्या क्लिपांमधून चार काडतुसं एका मुठीत ओढायची आणि दोन-दोन करून आत लोटायची. खाली बघूनच करावं लागतं ते, आणि बघायला काही हरकतही नसते, कारण निशाणाच्या लोखंडी पाट्या तुमची वाट बघत उभ्या असतात. त्यातलं कसब मी नाकारत नाही. आठवी पास बाई आहे मी, पण लायब्ररीतून आणून त्याच्यावरची दोन पुस्तकं वाचली होती, कारण नवऱ्याशी जेवताना बोलायला काहीतरी हवं. दोन्ही पुस्तकांत एक गोष्ट होती: हा खेळ आहे, कामावर असं भरू नका. मी एमेटला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “अगं बाई, वेगवान ते वेगवान. पुस्तक लिहिणाऱ्याला दोन सेकंदांत चार भरता येत नसतील.” पुढच्या महिन्यात त्यानं तशाच क्लिपा कामावरच्या जॅकेटवर लावल्या. तू तेव्हा हसलास. “लग्नाला निघालास का रे, छातीवर बिल्ले लावून?” एवढंच म्हणालास, डेल. काढून ठेव, असं नाही म्हणालास.

आता एमेट गेला त्या फेब्रुवारीबद्दल. दवाखान्याच्या व्हरांड्यात तू माझे दोन्ही हात धरून सांगितलंस, “बंदूक अडकली गं, वेर्ना. कुणाचाच इलाज नव्हता.” मी दीड वर्ष त्या बंदुकीला शिव्या घातल्या. कारखान्याला पत्र लिहायला बसले होते, आणि त्यासाठी मला तारीख आणि बंदुकीचा नंबर हवा होता, म्हणून कौंटीकडे अर्ज करून चौकशीचा अहवाल मागवला. शब्दकोश शेजारी ठेवून तीन वेळा वाचला. पान अकरा. बंदूक चालू स्थितीत, रिकामी, उलटी. कडेच्या पट्ट्यातली सहाही काडतुसं जागच्या जागी. डाव्या मुठीत तीन, चौथं गुडघ्याखाली. आणि त्याच पानावर तुझा जबाब, तुझ्या सहीचा: “तो पिकअप गाडीच्या आड बसून चार भरत होता, मान खाली होती. कोठारात दडलेला माणूस बंदूक घेऊन बाहेर आला ते त्यानं पाहिलं नाही. मी ओरडलो.”

म्हणजे तुला माहीत होतं. मला खोटं सांगितलंस ते मी एक वेळ समजून घेईन. त्या दिवशी मला खरं पेललं नसतं, कबूल. सांत्वनाला जेवणाची, कॅसेरोलची भांडी घेऊन सगळा गाव दारात उभा होता. पण ज्या गोष्टीनं तो गेला तिचीच ढाल बनवायची? मुठीत चार काडतुसं धरलेला त्याचा फोटो छापून पोरांना सांगायचं, याच्यासारखे व्हा? कडेची सहा त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर होती, डेल. एक घातलं असतं तरी पुरलं असतं.

आणि सगळा राग तुझ्यावर काढून मी मोकळी होणार नाही. स्टॉपवॉच माझ्या हातात असायचं. स्वयंपाकघरात तो भरायचा आणि मी आकडा वाचायचे. तीन पूर्णांक एक दशांश सेकंद. दोन पूर्णांक आठ दशांश. ज्या दिवशी दोनच्या खाली आला त्या दिवशी ओव्हनमधली बिस्किटं करपली आणि आम्ही दोघं तीच मध लावून खाल्ली. टाळ्या मीच वाजवल्या होत्या. ओढणी कधी बांधायची सोडली, ते मला आता आठवतही नाही.

माझी मार्ला येत्या सोमवारी तुमच्याकडे डेप्युटीच्या प्रशिक्षणाला येते आहे. तू तिच्या अर्जावर शिफारस लिहिलीस, त्याबद्दल मी तुझे आभार मानले होते, ते अजून मानते. गेल्या रविवारी चर्चहून आल्यावर ती बापाचं जॅकेट घालून स्वयंपाकघरात उभी राहिली, क्लिपांत खोटी काडतुसं लावली आणि स्टॉपवॉच माझ्यासमोर ठेवलं. “आई, वेळ लाव. डेलकाका म्हणतो माझे हात बाबांसारखे आहेत.” मी म्हटलं, भांडी घासायची आहेत. घासत राहिले, आणि मागे ती स्वतःच आकडे मोजत भरत राहिली, मान खाली घालून, अगदी त्याच्यासारखी. मी सांगितलं तर ती म्हणेल आई घाबरते. तू सांगितलंस तर ऐकेल. म्हणून हे पत्र. सोबत पान अकराची प्रत जोडली आहे. पहिल्या दिवशी, सगळ्या पोरांसमोर, एमेटचं नाव घेऊन ते वाच, तुझा जबाबही. मग तिच्या डोळ्यांवर पट्टी बांध आणि तिला एकेक भरायला लाव. ते झालं की मी शनिवारच्या ढालीचं काय करायचं ते बोलायला येईन, त्याआधी नाही. पट्टीसाठी माझी जुनी ओढणी पाकिटात घातली आहे. निळी. एमेट ओळखायचा तिला.

अजूनही तुला घरचाच मानणारी, तुझीच,
वेर्ना