सतरा खोकले

रविवार, २ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.१५.

अखेर रोल मिळाला!

शुभारंभ कलामंच, घाटकोपर (पूर्व) या हौशी संस्थेत एकोणीस वर्षं काढली. तिसरी घंटा दिली, पडदा ओढला, चहा सांगितला, एकदा तर हिरॉइनच्या वडिलांना दोन तास फाटकावर बोलण्यात गुंतवून ठेवलं. स्टेजवर मात्र कुणी घेतलं नाही. आज क्षमाने घेतलं. क्षमा आमची नवी दिग्दर्शिका, वय सत्तावीस. तिला मी फ्रॉकमध्ये पाहिलंय, पण यापुढे मॅडम म्हणायचं ठरवलं आहे.

एकांकिकेचं नाव ‘बाबा आत आहेत’. बाहेरच्या खोलीत भाऊ-बहीण रिडेव्हलपमेंटच्या फ्लॅटवरून भांडतात. बाबा आतल्या खोलीत आजारी. मी बाबा. म्हणजे शीर्षकभूमिकाच.

बाबा स्टेजवर येत नाहीत. डायलॉगही नाहीत. दाराआडून फक्त खोकतात, एकूण सतरा वेळा. मग एकदम शांतता. अठरावा खोकला येत नाही, आणि त्यावरूनच सगळ्यांना कळतं की बाबा गेले. पडदा.

दिवाळीत धरलेला खोकला अजून सुटलेला नाही, त्यामुळे वाचनाच्या वेळी आपोआप जमून गेलं. ग्लेनरॉयने (आमचा साऊंडवाला, वाकोल्याचा) मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं. आठवण म्हणून असावं.

संकल्प: रोज एक तास रियाज. घरी बायकोला, मालनला, इतक्यात सांगायचं नाही.

७.४०. मालनला सांगितलं. ती म्हणाली, त्यात ॲक्टिंग ती काय, घरात पंधरा दिवस तेच तर चाललंय.

मंगळवार, ४ नोव्हेंबर. सकाळी ५.१०.

झोपून राहवेना. उठून बाबांचं चरित्र लिहिलं. नऊ पानं झाली. जन्म देवगड तालुक्यात, मग गिरणी, मग संप, आवडता मासा सरंगा. खोकल्याला मालवणी हेल पाहिजे. घाटावरचा माणूस थेट छातीतून सुरू करतो, आमचा आधी घशात जरा कुरकुरतो. हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

खोकल्यांचा तक्ताही केला. क्र. १: हजेरी लावणे. क्र. ४: मुलाविषयी नापसंती. क्र. ९: मुलीची बाजू घेणे. क्र. १२: पत्नीची आठवण. क्र. १७: सर्वांना माफ करणे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.

तालीम शाळेच्या चौथीच्या वर्गात असते. बाकांवर गुडघे मावत नाहीत. क्षमाला (मॅडमला) तक्ता दाखवला. ती म्हणाली, काका, तुम्ही फक्त खोका. म्हणजे पूर्ण मोकळीक दिली. एवढा विश्वास आजवर कुणी टाकला नव्हता.

वाईट बातमी: डॉक्टरांच्या औषधाने खोकला बरा झाला. ऐन वेळी.

रविवार, ९ नोव्हेंबर.

खोकला येत नाही. म्हणजे येतो, पण बोलावून आल्यासारखा येतो. सर्वेश (मुलाचं काम करतो, स्वतःला हीरो समजतो) म्हणाला, काका, हा खोकला नाही वाटत यार, कोणीतरी बाहेरून ‘अहो, अहो’ करतंय असं वाटतं. सगळे हसले. ग्लेनरॉय हसला नाही. तो कानाला हेडफोन लावून बसला होता.

सर्वेशला असुरक्षित वाटू लागलं आहे. साहजिक आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर.

निरीक्षणासाठी डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये दोन तास बसलो. सहा प्रकारचे खोकले टिपून घेतले. कंपाउंडरने विचारलं, नंबर लावला का? म्हटलं, मी अभ्यासाला आलोय. त्याने एकतीस नंबर दिला. शेवटी तपासून घ्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे.

येताना दोन आइस्क्रीम आणि एक थंड ताक. बघू.

मंगळवार, १८ नोव्हेंबर.

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये आवाज छान घुमतो, म्हणून कालपासून तिथेच रियाज. तळमजला ते सातवा, सातवा ते तळमजला. आज सोसायटीचे सेक्रेटरी रतनशेठ यांनी नोटीस लावली: खोकला असणाऱ्यांनी कृपया जिना वापरावा. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी मास्क लावून फिरताहेत. एका काकूंनी मालनला बाजूला घेऊन विचारलं, रिपोर्ट काय आला?

मालन चिडली. म्हणाली, लोक माझ्या हातचं हळदीकुंकू घ्यायला घाबरतील. तिला समजावलं, याला प्रेक्षकांपर्यंत पोचणं म्हणतात.

रविवार, २३ नोव्हेंबर.

आज क्र. ९ रंगला. रंगला म्हणजे थांबेचना. चाळीस सेकंद. मध्ये बहिणीचा मुख्य डायलॉग गेला. क्षमा म्हणाली, काका, तीन सेकंद. फक्त तीन. मी म्हटलं, मुलीची बाजू तीन सेकंदांत कशी घ्यायची? तिने डोळे मिटून घेतले. विचारात पडली असावी.

संधी साधून एक सूचना केली. शेवटी दार थोडं उघडावं आणि बाबांचा हात दिसावा. नुसता हात. ती म्हणाली, काका, बाबा मेलेत. मी म्हटलं, म्हणून तर नुसता हात. नाही म्हणाली.

घरी येईपर्यंत राग धुमसत होता. स्टेशनपासून चालत आलो, रिक्षात बसवत नव्हतं. एकोणीस वर्षांत एक हात दाखवू देत नाहीत.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर.

आइस्क्रीमने काम केलं. खोकला आला, आणि आता जात नाही. जेवताना येतो, फोनवर येतो, देवाला हात जोडले की येतो. झकास! मालनने मध-हळद पुढे केली. नकार दिला.

चौदा जणांना आमंत्रणं दिली. रतनशेठनाही. त्यांनी विचारलं, हॉलमध्ये एसी आहे ना, म्हणजे हवा फिरत राहील?

गुरुवार, ४ डिसेंबर.

रंगीत तालीम. सविस्तर लिहायची इच्छा नाही.

थोडक्यात लिहितो. सतराही उत्तम झाले. मग ती शांतता. सर्वेश दाराकडे बघतोय, बहीण हाक मारते, बाबा? उत्तर नाही. ती पुन्हा हाक मारते. आणि मला खोकला आला.

ग्लेनरॉयच्या स्पीकरमधून पूर्ण हॉलभर आला.

सर्वेश खाली बसून हसत सुटला. बहीण हसली. लाइटवाला हसला. क्षमा मात्र हसली नाही, ती विंगेत भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिला समजावलं की, मेल्यानंतरचा खोकला ही नवी कल्पना आहे, आपल्याकडे कुणी केलेली नाही. ती म्हणाली, काका, हे नाटक मी तीन वर्षं घेऊन बसलेय. तेवढंच म्हणाली. आवाज जड झाला होता तिचा.

मला कसंतरीच झालं. पोरीला रडवायचं नव्हतं.

संकल्प: शांततेच्या वेळी तोंडावर टॉवेल.

रविवार, ७ डिसेंबर. प्राथमिक फेरी, मुलुंड.

शब्द नाहीत! सतरापैकी सतरा. मग टॉवेल. हूं नाही की चूं नाही. प्रेक्षक सुन्न. पुढच्या रांगेतली एक बाई रडत होती, विंगेतून स्पष्ट दिसली.

माझ्यासाठी खास वेगळा माइक होता. त्याचा हिरवा दिवा लागत नव्हता, नवीन मॉडेल असेल. आणि एक विलक्षण अनुभव नोंदवून ठेवतो. भूमिका इतकी अंगात भिनली होती की दोनतीनदा मी तोंड उघडायच्या आधीच स्पीकरमधून माझा खोकला ऐकू आला. मोठ्या नटांना असं होत असणार.

प्रयोगानंतर क्षमाने वाकून नमस्कार केला. माझ्याकडे नीट बघत मात्र नव्हती. भारावली असेल.

सोमवार, ८ डिसेंबर.

मालन भाजी निवडताना म्हणाली, कालचा तुमचा खोकला दिवाळीतला होता. मी विचारलं, म्हणजे? ती म्हणाली, बाराव्याला शेवटी बारीक ‘आये गे’ येतं ना, तसं तुम्ही फक्त त्या आजारपणात करत होतात. तीन दिवस मी उशाशी बसलेली, माका नाय कळूचा? आत्ताचा तुमचा खोकला वेगळा आहे, हा पत्र्यावर खडी टाकल्यासारखा.

म्हणजे इतका हुबेहूब जमला! घरच्या माणसाची दाद ती हीच.

बुधवार, १० डिसेंबर.

आम्ही अंतिम फेरीत! शुभारंभच्या इतिहासात पहिल्यांदा एखाद्या नाटकाचा दुसरा प्रयोग होणार.

वैयक्तिक बक्षिसंही जाहीर झाली. अभिनयात माझं नाव नाही. मात्र ध्वनिसंयोजनाचं पहिलं बक्षीस ग्लेनरॉयला. परीक्षकांनी लिहिलंय: दाराआडच्या खोकल्याचा अत्यंत नैसर्गिक वापर.

उघड आहे, लिहिताना रकाना चुकला. दुरुस्तीचा अर्ज तयार केला. दोन पानं. उद्या पाठवणार.

गुरुवार, ११ डिसेंबर. संध्याकाळी ६.

अर्ज पाठवला नाही.

ग्लेनरॉय घरी आला होता. त्याच्या मम्मीने ख्रिसमससाठी केलेला फराळ घेऊन. बराच वेळ डबा हातातच धरून बसला. मग म्हणाला, अंकल, खोटं नाय बोलणार, तुमचा माइक बंद होता. रंगीत तालमीनंतर क्षमा बोलली, रिस्क नको. माझ्याकडे पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग होतं, ते कापून सतरा तुकडे केले. तो खोकला एकदम ओरिजिनल होता अंकल, तेव्हा तुम्ही ॲक्टिंग करत नव्हता ना.

मी विचारलं, फायनलला? तो म्हणाला, तेच लावायचं ठरलंय. तुम्ही आरामात बसून बघा. आणि सॉरी अंकल, त्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं.

चांगला माणूस आहे. त्याला चहा दिला, माझा राहिला.

गच्चीवर गेलो. बावीस चकरा मारल्या. सतरा खोकले मी बंद माइकमध्ये खोकलो, आणि वर टॉवेल धरून गप्पही राहिलो. फार वाईट वाटलं. लिहून टाकतो, कुणी वाचणार नाही.

शनिवार, १३ डिसेंबर. सकाळी ४.५०.

शांतपणे विचार केला. आवाज कुणाचा? माझा. छाती कुणाची? माझी. मग बक्षीस तत्त्वतः कुणाचं? आणि नटाने एकाच वेळी विंगेत आणि प्रेक्षागृहात असणं हे तर कुणालाच साधलेलं नाही. उद्या प्रेक्षकांत बसून स्वतःच्या कामाचं परीक्षण करणार. वही नेणार. उणिवा क्षमाला सोमवारी कळवीन.

रविवार, १४ डिसेंबर. अंतिम फेरी, बोरिवली.

अकरावी रांग, मधल्या खुर्च्या. मालन बाजूला. हॉल फुल.

क्र. १ झाला. पुढची बाई नवऱ्याला म्हणाली, अगंबाई, आत खरंच कोणी आजारी आहे की काय. मी पुढे वाकून सांगितलं, तो मी आहे. तिने पर्स दुसऱ्या बाजूला घेतली.

खरं सांगायचं तर मी परीक्षण केलंच नाही. नाटक बघत बसलो. एवढ्या तालमींत बहीण काय बोलते ते मी कधी ऐकलंच नव्हतं, माझा नंबर कधी येतो तेच मोजत होतो. ती म्हणते, मला फ्लॅट नको रे, मला फक्त बाबांनी एकदा नावाने हाक मारायला हवी होती. आणि आतून क्र. १२ येतो. आणि शेवटी ते ‘आये गे’. मालनने माझा हात धरला.

क्र. १६. घशात खवखव. क्र. १७. खवखव वर सरकली. सगळा हॉल दाराकडे बघत होता. बहीण पहिली हाक मारायला वळली. मी श्वास रोखला, आवंढा गिळला, रुमाल तोंडात कोंबला. मालनने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे एवढे मोठे झालेले लग्नानंतर मी पाहिलेले नाहीत.

आणि मला क्षमा दिसली. विंगेत उभी, दोन्ही हातांच्या मुठी हनुवटीखाली.

उठलो. नऊ माणसांच्या पायांवरून गेलो. पळालो. दार हळू लावलं, जिना उतरलो, जेन्ट्स टॉयलेटमध्ये शिरलो, तेही दार लावलं, आणि मग खोकलो. किती वेळ ते माहीत नाही. आयुष्यातला सर्वोत्तम असावा. हात धुणारे एक गृहस्थ म्हणाले, काका, दाखवून घ्या कुणाला तरी.

वर टाळ्या सुरू झाल्या. थांबत नव्हत्या. शेवट कसा झाला ते मला अजून माहीत नाही.

मंगळवार, १६ डिसेंबर.

पहिला नंबर. ग्रुप फोटोत मी नाही, तेव्हा केमिस्टकडे होतो.

क्षमाचा फोन आला. मालनने घेतला, स्पीकर लावला. क्षमा रडत-हसत बोलत होती. म्हणाली, काका, शेवटची ती शांतता, एवढी शांतता मी आजवर कुठल्याच थिएटरमध्ये ऐकली नव्हती, तुम्ही होतात ना आत? मालनने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मालन म्हणाली, होते ना गं, पूर्ण वेळ होते.

फोन ठेवून मालन भाकऱ्या थापायला बसली. थोड्या वेळाने म्हणाली, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही बरोब्बर वेळेवर एक्झिट घेतलीत.

यावर मला उत्तर सुचलं होतं. पण डॉक्टरांनी आठ दिवस आवाज काढायला मनाई केली आहे.